ईश्वरी योजना आणि पंडिता रमाबाई



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला सहज विचारले, की एवढ्या उकाड्यात, दिवसभर कामधंदा करून आलेल्या माणसांपुढे हे ख्रिस्ती धर्मशास्त्र कशाला मांडता? प्रश्न रास्त आहे. धर्मशास्त्रातली किचकट कोडी सोडवण्यासाठी मी येथे उभा राहिलेलो नाही, तो माझा अधिकारही नव्हे. मी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. ते वाक्य हिंदूंच्या घरात बोलले जाते, मुसलमानांच्या घरात बोलले जाते आणि ख्रिस्ती माणसाच्या घरात तर त्याला धर्माचा आधारस्तंभच मानतात. ‘देवाच्या मनात काहीतरी असेल’ हे ते वाक्य. आपण ते दोन प्रसंगी उच्चारतो. मुलगा परीक्षेला निघाला की एकदा, आणि कोणाच्या घरी समाचाराला गेलो की दुसऱ्यांदा. पहिल्या प्रसंगी त्याने कोणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रसंगी मात्र ते वाक्य औषधाचे काम करील की जखमेवर मीठ चोळील, हे सांगणे कठीण असते.

ख्रिस्ती लोकांच्या इंग्रजी ग्रंथांत यासाठी ‘प्रॉव्हिडन्स’ हा शब्द येतो. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थ पुढचे पाहणे, आधी पाहून ठेवणे. आपल्याकडे त्याचे भाषांतर कोणी दैव करतात, कोणी विधिलिखित करतात. मला दोन्ही शब्द चुकीचे वाटतात. विधिलिखित म्हणजे कपाळावर सटवीने लिहिलेले. तिला आपल्याशी बोलायचे नसते आणि आपण तिच्याशी बोलायचे नसते. माझ्या मते मराठीतला जवळचा शब्द आहे तरतूद. घरातली कर्ती बाई पावसाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवते, सरपण कोरडे करून ठेवते. पाऊस कधी किती पडेल ते ती पोरांना सांगत बसत नाही, पण पोरांना उपाशी राहावे लागू नये याची काळजी तिने वाहिलेली असते. ख्रिस्ती माणूस देवाच्या योजनेवर विश्वास ठेवतो म्हणजे असा विश्वास ठेवतो. ठेवणाऱ्याचा आणि ज्याच्यावर ठेवायचा त्याचा परस्परसंबंध त्यात गृहीत आहे. म्हणून त्यात भांडणही येते. कपाळावरच्या रेषेशी कोणी भांडत नाही. आईशी भांडतात.

हे भांडण बायबलात किती आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या करारात ईयोबाचे पुस्तक आहे. बेचाळीस अध्यायांचे हे पुस्तक म्हणजे जगातल्या दुःखचिंतनाचा मेरुमणी आहे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ईयोब हा सज्जन, श्रीमंत, मुलाबाळांनी भरलेला गृहस्थ. एका दिवसात त्याची गुरेढोरे जातात, दहाच्या दहा मुले जातात, पुढे अंग फोडांनी भरते आणि तो राखेत येऊन बसतो. तीन मित्र भेटीला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. साऱ्या पुस्तकात त्या मित्रांनी केलेले एवढेच एक शहाणपणाचे काम. कारण आठव्या दिवशी ते बोलू लागतात! त्यांचे म्हणणे असे, की देव न्यायी आहे, न्यायी देव निष्कारण शिक्षा करणार नाही, तेव्हा तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे. तर्क बिनतोड आहे. ईयोब मात्र तो मानत नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, देवालाच कज्जात खेचू पाहतो, माझा गुन्हा काय तो लिहून द्या म्हणतो. आणि शेवटी देव प्रकट होतो तेव्हा निकाल काय देतो? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर तो रागावतो आणि सांगतो, की माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब. वकिलपत्र घेणाऱ्यांचे वकिलपत्र अशिलानेच फेटाळले!

आता या निकालात ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगितले गेले का? नाही. वाचकाला पहिल्याच अध्यायात पडद्याआडचा प्रकार कळतो, पण ईयोबाला तो अखेरपर्यंत कळत नाही. ईश्वरी योजना या कल्पनेचे हे मर्म पाठीच्या कण्यासारखे ध्यानात ठेवावे लागते. योजना आहे असे मानणे वेगळे आणि ती मला कळली आहे असे मानणे वेगळे.

याच्या उलट उदाहरण योसेफाचे. भावांनी त्याला विकले, तो मिसरात दास झाला, खोट्या आळाने तुरुंगात पडला, पुढे तेथलाच प्रधान झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले. तेव्हा तो भावांना सांगतो, की तुम्ही वाईट योजलेत, पण देवाने त्यातून चांगले योजले, पुष्कळांचे प्राण वाचावेत म्हणून. ख्रिस्ती प्रवचनांत ही कथा फार येते. पण हे बोल कोणाच्या तोंडचे आहेत ते पाहा. ज्याला विकले त्याच्या तोंडचे आहेत. हेच वाक्य विहिरीच्या काठावर उभे राहून भावांनी त्याला ऐकवले असते, की बाबा रे, देवाची काही योजना असेल, तर ते वाक्य तेच राहिले असते आणि त्याच्यासारखे निर्लज्ज वाक्य दुसरे झाले नसते. हे बोलण्याचा अधिकार सोसणाऱ्याचा आहे. तोही विहिरीत असताना त्याने बोललेच पाहिजे असा आग्रह नाही. योसेफाला ते बोलायला कितीतरी वर्षे लागली.

खुद्द येशूपुढे हा प्रश्न दोनदा आला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती अधिक पापी होती काय, असे त्याने स्वतःच विचारले आणि नाही असे उत्तर दिले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तेथेही त्याने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामाला लागला. पूर्वजन्मीच्या कर्माचा विचार ज्यांच्या अंगवळणी पडलेला आहे अशा आपणांस हे उत्तर थोडे विचित्र वाटेल. कर्मविपाकाला स्वतःचे तर्कशास्त्र आहे आणि मी त्याची येथे चेष्टा करणार नाही. फरक एवढाच दाखवतो, की ख्रिस्ती विचार दुःखाचा हिशेब मागे पाहून जुळवू देत नाही. मग तो त्या हिशेबाचे करतो काय? येथे ख्रिस्ती माणूस गेथशेमानेच्या बागेकडे बोट दाखवील. अटकेच्या आदल्या घटकेला येशू घामाघूम होऊन प्रार्थना करतो, की हा प्याला माझ्यापासून टळावा. एकदा नव्हे, तीनदा. आणि मग म्हणतो, की माझ्या मनासारखे नको, तुझ्या मनासारखे होऊ दे. पहिला अर्धा भाग गाळून केवळ दुसरा अर्धा शिकवण्याची चूक धर्मोपदेशक वारंवार करतात. ज्याने मागितलेच नाही त्याच्या सोडून देण्याला अर्थ कसला?

ही चूक किती महाग पडते याचा इतिहासात एक प्रसिद्ध दाखला आहे. १७५५ च्या नोव्हेंबरची पहिली तारीख. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण, म्हणून सकाळी देवळे माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र शहरात शिरला, आणि मेणबत्त्यांनी व चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मेली, तीही प्रार्थना करता करता. त्याआधी १७१० साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने संभाव्य जगांत हेच उत्तम जग आहे असे प्रतिपादन केले होते. भूकंपानंतर व्होल्तेरने प्रथम कवितेतून आणि १७५९ साली ‘कॅंदीद’ या कादंबरीतून त्या मताची अशी काही टर उडवली, की ते मत पुन्हा पूर्वीच्या रुबाबात कधी हिंडले नाही. पण मला अधिक बोलकी वाटते ती खुद्द लिस्बनमधली हकीकत. मालाग्रिदा नावाच्या जेज्युइट पाद्र्याने १७५६ साली पुस्तिका काढली, की भूकंपाला नैसर्गिक कारणे नाहीत, हा लोकांच्या पापांचा दंड आहे. तेव्हा लोकांनी पश्चात्ताप करावा. तिकडे पोंबाल हा मंत्री मुडदे पुरून, अन्नधान्याची व्यवस्था करून शहर पुन्हा उभारण्याच्या मागे लागला होता. त्याने गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली, की धक्का किती वेळ टिकला, पाणी किती चढले, माणसे किती मेली. भूकंपशास्त्राचा इतिहास लिहिणारे त्या प्रश्नावलीची आजही आठवण काढतात. पोंबालने मालाग्रिदाला आधी शहराबाहेर घालवले आणि १७६१ साली धर्मन्यायासनाकडून त्याला देहान्त घडवला. तो अघोरी प्रकार होता आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु ईयोबाचे मित्र अठराव्या शतकापर्यंत जिवंत होते हे त्यावरून दिसते.

विसाव्या शतकात ते आपल्याकडेही आले. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाचे हे प्रायश्चित्त आहे असे गांधीजी म्हणाले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा मोठेपणा असा, की ती हरकत त्यांनी आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापली. हेतू केवढाही उदात्त असो, मुंगेरच्या ढिगाऱ्याखालच्या पोराला तो दंड का, या प्रश्नाला उत्तर नाही. किल्लारीला १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली आणि पहाटे घरे अंगावर आली. तेथेही कोणी पापपुण्याचे बोलू लागले असते तर ते ऐकून घ्यायला माणसे कुठे उरली होती?

इथवर मी नकाराचेच बोललो. देवाची योजना म्हणजे काय नव्हे ते सांगितले. आता ज्या एका आयुष्याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे त्याकडे वळतो. ते आयुष्य आपल्यापासून फार दूर नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाई सरस्वती यांनी उभारलेले मुक्तिसदन तेथे आहे आणि ती संस्था आजही चालू आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीच्या अरण्यातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. अतिथींना जेवू घालता घालता घर बुडाले आणि सगळे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी हिंडू लागले. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मागून खाण्याची सवय नाही, मजुरी ठाऊक नाही. व्रते केली, दाने दिली, अनुष्ठाने केली, होते नव्हते ते देवाब्राह्मणांना अर्पण झाले आणि कोणी देव काही बोलला नाही. अकरा दिवस झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. त्या ठेंगण्या, म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. पोरगी सोळा वर्षांची.

तेव्हाच्या रमाबाईंचा एक विश्वास तेथे मेला. देवाशी केलेला सौदा देव पाळतो, हा तो विश्वास. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा नवा सौदा पदरात पडला म्हणून झाल्या अशी पुष्कळांची समजूत असते. तसे असते तर तो सौदा त्यांनी लवकरच मोडला असता. कारण दुःख काही थांबले नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० साली भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांच्या आत तेही पटकीने गेले आणि तान्ही मनोरमा घेऊन त्या १८८२ साली पुण्यास आल्या. डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली विलायतेस गेल्या, तर कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे वैद्यकीचे शिक्षण अशक्य झाले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉंटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी गहाण टाकली असे मात्र नव्हे. तेथल्या मठवासिनींशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे आणि तो वाचताना मला तर अनेकदा हसू येते. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, अमुक गोष्ट बायबलात कोठे आहे ते दाखवा, क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, असा वाद चालला आहे आणि बिचाऱ्या सिस्टर जेराल्डिन हताश झाल्या आहेत! शास्त्र्याची मुलगी ती, खंडनमंडनाशिवाय एक पाऊल पुढे टाकील कशी? ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त कितीतरी मागाहून मिळाला, अशा अर्थाचे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस शारदासदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठले. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात पुण्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. विश्वासाने मुली सोपवणाऱ्या आईबापांची तक्रार खोटी नव्हती. तो वाद आज येथे उगाळत नाही. तेव्हा रमाबाई जवळजवळ एकट्या पडल्या एवढे आपल्या कामापुरते पुरे. सदनाला पुढेमागे स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला शेतजमीन घेतली आणि फळझाडे लावली. त्या काळी या व्यवहारात कोणाला काही विशेष दिसण्याचे कारण नव्हते.

१८९६ साली पाऊस गेला. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. रमाबाईंजवळ त्या वेळी पैसा नव्हता. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते, त्याची मुदत सरत आली होती. बहिरेपण होते, पुण्याचा रोष होता. तरी त्या १८९७ च्या आरंभी मध्य प्रांतात गेल्या. पोर्‍या झाडाखाली पडलेल्या, अंगाचे सापळे झालेले, आणि भोवती त्यांना पळवून नेणारे दलाल घिरट्या घालताहेत, हे त्यांनी पाहिले. आपलीच सोळाव्या वर्षीची मूर्ती त्यांना तेथे दिसली, असे त्यांनी लिहिले आहे. तीनशे मुली आणायच्या असे त्यांनी ठरवले आणि आणायला सुरुवात केली. इकडे पुण्यात प्लेग! नव्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत असा अधिकाऱ्यांचा हुकूम झाला. मग मुलींना न्यावे कोठे? केडगावच्या झाडांखाली. तंबू ठोकले, गवताची छपरे घातली, आणि १८९८ साली तेथे मुक्तिसदनाची इमारत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून आणखी मुली आल्या आणि सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. माग चालू झाले, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, शेती, छापखाना. आंधळ्या मुली ब्रेल लिपी शिकू लागल्या. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले.

आता श्रद्धावान मनुष्य म्हणेल, पाहा, फळबाग म्हणून घेतलेली जमीन देवाने आश्रयस्थान म्हणून आधीच राखून ठेवली होती. रमाबाईंची स्वतःची समजूत अशीच होती. संशयवादी म्हणेल, हा योगायोग. या दोघांचा तंटा या व्यासपीठावरून मिटणारा नाही. मी फक्त दोन गोष्टी नमूद करतो. एक म्हणजे जमीन आधीच घेतलेली असली तरी मध्य प्रांताचे तिकीट कोणीतरी काढावे लागले. दुसरी गोष्ट अवघड आहे. झाडाखाली पडलेल्या ज्या मुलींपर्यंत रमाबाई पोचल्या नाहीत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी कोणती तरतूद होती? प्रामाणिक ख्रिस्ती माणूस या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो ईयोबाच्या पहिल्या सात दिवसांसारखा गप्प बसतो, आणि मला त्याचे गप्प बसणेच विश्वासार्ह वाटते.

शिवाय दुष्काळ केवळ आभाळातून येत नाही. तो कचेरीतूनही येतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली सांगितले, की धान्य असतानाही ते विकत घेण्याची ऐपत गेली की माणसे मरतात. हे एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांनाही पुष्कळ अंशी लागू आहे. सारावसुली चालू, रेल्वेने धान्य बाहेर जाते आहे आणि माणूस रुळाशेजारी मरतो आहे. याला देवाची योजना म्हणणे सरकारच्या फार सोयीचे होते. रमाबाई याला भुलल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त ज्या रीतीने चालला होता त्यावर, विशेषतः प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर, त्यांनी ‘बॉंबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड टीकेचे पत्र लिहिले. ते इतके झोंबले, की गव्हर्नराला त्याचा इन्कार करावा लागला. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती, तेव्हा जे होते आहे ते देवाच्या इच्छेने होते आहे, असा सोयीचा हिशेब त्यांनी मांडला नाही. ज्यांनी रमाबाईंना सरकारचे हस्तक म्हटले त्यांच्यापैकी किती जणांनी ते पत्र वाचले होते, कोण जाणे.

प्रतिकार आणि शरणागती यांची ही जोडी एका जर्मन धर्मोपदेशकाच्या बाबतीत तर पुस्तकाचे नावच होऊन बसली. डीट्रिख बोनहोफर हे त्याचे नाव. १९३९ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत सुरक्षित होता. आपल्या लोकांच्या संकटात आपण वाटेकरी झालो नाही तर पुढे त्यांच्या उभारणीत भाग घेण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे कळवून तो काही आठवड्यांतच जर्मनीला परतला. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याला पकडले. तुरुंगातून त्याने मित्राला लिहिलेली पत्रे १९५१ साली त्या मित्राने प्रसिद्ध केली, ती ‘प्रतिकार आणि शरणागती’ अशा अर्थाच्या नावाने. कोठवर झगडायचे आणि कोठे मान तुकवायची हा प्रश्न त्याला तुरुंगात सतत छळीत असे, आणि त्याची सीमारेषा तत्त्व म्हणून आखता येत नाही असे त्याचे मत झाले. १९४४ च्या अखेरीस, गेस्टापोच्या कोठडीत असताना, त्याने नव्या वर्षासाठी एक कविता लिहिली. ईश्वरी शक्तींच्या आश्रयाची ती कविता जर्मनीत अजून गातात. १९४५ च्या एप्रिलच्या नऊ तारखेला त्याला फाशी दिले. दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोचले. दोन आठवडे! सुटका हीच योजनेची खूण असेल तर या माणसाच्या बाबतीत योजना फसली असे म्हणावे लागेल. तो तसे म्हणाला नसता. गांधीजींजवळ राहून शिकण्याची त्याची इच्छा होती आणि १९३४ साली त्याला तसे निमंत्रणही आले होते, पण ते राहून गेले.

रमाबाईंच्या बाबतीतही अखेरचा हिशेब जुळत नाही. मनोरमा ही त्यांची एकुलती मुलगी, त्यांचा उजवा हात. आपल्यामागे तीच संस्था चालवील अशा विचाराने त्यांनी तिला घडवले होते. बहिऱ्या आईचे तीच कान होती. १९२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

येथे आपल्याला तुकोबांची आठवण व्हावी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेले, आणि त्यानंतर ते विठ्ठलाशी जे बोलले ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात लाडीगोडी आहे तशा शिव्याही आहेत. दिवाळे निघाल्याचा आरोप देवावर करणारा आपला संत आणि देवाला न्यायासनापुढे खेचणारा ईयोब एका पंक्तीला बसले तर त्यांना दुभाषा लागणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचल्यासारखे वाटले, त्याचे कारण हे असावे असा माझा तर्क आहे. आपल्या भाषेत देवाशी भांडण्याची वहिवाट पूर्वीपासून पडलेली होती.

मनोरमेच्या मृत्यूनंतर रमाबाई काय करीत होत्या? एक काम हाती होते, ते करीत होत्या. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या आणि बायबल मुळावरून मराठीत आणीत होत्या. पंडिता ही पदवी मिळवलेल्या या बाईने संस्कृत शब्दांचा डौल बाजूला ठेवला. खेड्यातल्या, नुकत्या अक्षरओळख झालेल्या बायकांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. जुळणी आणि छपाई केडगावच्याच छापखान्यात, त्याच दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी होत असे. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य द्यावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती असे सांगतात. १९२२ च्या एप्रिलच्या पाच तारखेला त्या झोपेतच गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्यात ईयोबाचे पुस्तक आहे, बेचाळीसच्या बेचाळीस अध्याय, त्याच्या साऱ्या तक्रारींसह, केडगावच्या बायकांना कळेल अशा मराठीत.